नागिणीच्या गोळ्यांनी गजकर्ण बरं होतं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळला आहे की नाही ते तुम्हालाही दिसेल. वडील ६२ वर्षांचे. दहा वर्षांचा मधुमेह, बीपीची आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू. जांघेत आणि कमरेला दीड वर्षापासून गजकर्ण आहे. चार डॉक्टर झाले, मेडिकलमधून आणलेल्या ट्यूब तर कुणी मोजल्याच नाहीत. दिवाळीनंतर छातीच्या उजव्या बाजूला नागीण उठली. डॉक्टरांनी असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस दिलं. नागीण सुकली आणि त्याच आठवड्यात गजकर्णाची लाली उतरली, खाजही जवळजवळ गेली. पंधरा दिवसांनी गजकर्ण पुन्हा वर आलं. तेवढ्यात तुमच्या वाचनात आलं की व्हायरसवरची काही औषधं, विशेषतः एचआयव्हीच्या गोळ्या, बुरशीलाही मारतात. म्हणून तुम्ही विचारताय की असायक्लोव्हिरचा आणखी एक कोर्स द्यावा का, किंवा ती एचआयव्हीची गोळी वापरून बघावी का.

दोन्ही करू नका. पण तुमचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण तुम्ही जे वाचलं ते खोटं नाही आणि वडिलांच्या अंगावर जे दिसलं तेही खरंच घडलं आहे. फक्त या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. तो कसा नाही हे कळलं, तर दीड वर्ष न हटलेलं गजकर्ण का हटत नाही तेही बरंचसं कळेल.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. आमच्या शाखेचं पूर्ण नाव त्वचारोग आणि गुप्तरोग, त्यामुळे एकाच खुर्चीत बसून मी गजकर्णही बघत आले आणि एचआयव्हीही. शिक्षण नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत झालं, नंतरची पंचवीस वर्षं मिरजेत गेली. तुमच्या प्रश्नातले दोन्ही आजार मी रोज पाहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी असायक्लोव्हिर. ही गोळी पोटात जाते तेव्हा ती अजून औषध झालेली नसते. तिला तीन फॉस्फेट जोडले गेले की मग ती कामाला लागते. त्यातला पहिला फॉस्फेट जोडतं थायमिडीन कायनेज नावाचं एक विकर (एन्झाइम), आणि हे विकर नागिणीचा विषाणू आपल्या पेशीत शिरल्यावर स्वतःच बनवतो. उरलेले दोन फॉस्फेट आपल्या पेशीतली विकरं जोडतात. असं तयार झालेलं औषध विषाणूच्या डीएनएच्या साखळीत जाऊन बसतं आणि साखळी पुढे वाढत नाही. ज्या पेशीत विषाणू नाही तिथे पहिलाच फॉस्फेट नीट लागत नाही, म्हणून औषध निजलेलंच राहतं. दिवसाला चार ग्रॅम असायक्लोव्हिर पोटात जाऊनही वडिलांना फार त्रास झाला नसेल, त्याचं कारण हे. गर्ट्रूड एलियन यांच्या गटाने हे औषध घडवलं. औषधं घडवण्याची जी तत्त्वं त्यांनी मांडली, त्यासाठी १९८८ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. त्या तत्त्वांचं असायक्लोव्हिरइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

गजकर्णाच्या बुरशीकडे हे थायमिडीन कायनेज नाही. तिच्यापर्यंत असायक्लोव्हिर पोचलं तरी ते निजलेलंच राहणार. त्यामुळे त्या ३५ गोळ्यांनी वडिलांच्या बुरशीला काही केलं असेल असं मानायला मला जागा दिसत नाही. उलट मधुमेहात किडनी आधीच थकलेली असली आणि पाणी कमी प्यायलं गेलं, तर हेच औषध किडनीत खड्यांसारखं साचून इजा करू शकतं. नागिणीत तो धोका पत्करायला कारण असतं. गजकर्णात नाही.

मग लाली उतरली कशी? तुम्ही फक्त असायक्लोव्हिरचं नाव लिहिलं आहे. नागिणीची ती चिठ्ठी पुन्हा काढून बघा. आपल्याकडे नागिणीच्या चिठ्ठीत सहसा चार-पाच नावं असतात. दुखण्यासाठी एक गोळी, नसांसाठी प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन, पित्ताची एक, आणि पुष्कळदा प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा डेफ्लाझाकोर्ट यांपैकी एक. ही शेवटची तिन्ही स्टेरॉइडं. नागिणीच्या पहिल्या दिवसांतली ठणक कमी व्हावी म्हणून काही डॉक्टर ती देतात. मधुमेही माणसाला द्यावीत का यावर माझं मत वेगळं आहे, पण ते बाजूला ठेवू.

गजकर्णाची लाली आणि खाज ही बुरशीची स्वतःची नसते, बुरशीला बघून आपल्या शरीराने काढलेला तो राग असतो. स्टेरॉइड त्या रागावर पाणी टाकतं. चट्टा फिका पडतो, खाज थांबते, माणूस म्हणतो बरं झालं. बुरशीला मात्र मोकळं रान मिळतं. गोळ्या संपल्या की आठ-पंधरा दिवसांत चट्टा पूर्वीपेक्षा मोठा होऊन येतो. तुम्ही जो हिशेब लिहिलाय, आठवड्यात उतार आणि पंधरा दिवसांत पुन्हा उसळी, तो या चित्राशी इतका जुळतो की चिठ्ठीत स्टेरॉइड सापडलं नाही तर मलाच आश्चर्य वाटेल. त्या आठवड्यात घरी शुगर तपासली असेल तर तोही आकडा बघा, स्टेरॉइडने ती चढलेली दिसेल.

चिठ्ठीत स्टेरॉइड नसेलच, तर दुसऱ्या शक्यता आहेत. खाजेची साधी गोळी असेल. नागिणीमुळे आठ दिवस घरी, सैल धोतर किंवा लुंगीवर, पंख्याखाली पडून राहणं झालं असेल. घाम कमी, घर्षण कमी, त्यात थंडीचे दिवस. जांघेतलं गजकर्ण एवढ्यानेही शांत वाटतं. यातलं नेमकं काय झालं ते मला इथून सांगता येणार नाही, चिठ्ठी आणि त्वचा बघूनच ठरेल.

चट्टा फिका दिसणं आणि बुरशी कमी होणं यात किती अंतर असतं, ते मी रोज काचेवर बघते. चट्ट्याची कड बोथट पात्याने हलकेच खरवडायची. पिठासारखा चुरा स्लाइडवर पडतो. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, वर पातळ काच ठेवायची आणि स्पिरिटच्या दिव्यावरून एकदा फिरवायची. दहा-पंधरा मिनिटांत कातडीच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात आणि त्यांच्यामधून बुरशीचे तंतू वेलीसारखे आडवे-तिडवे जाताना दिसतात, मध्ये मध्ये पेरं असलेले, फाटे फुटलेले. ताज्या, लालभडक, ट्यूब न लावलेल्या चट्ट्यात कधी कधी एक तंतू शोधायला पाच मिनिटं जातात. स्टेरॉइडची ट्यूब लावून फिका पडलेल्या चट्ट्यात तंतूंची जाळी सगळा गोल भरून असते. गेल्या श्रावणात एक मास्तर आले होते. त्यांना मी सूक्ष्मदर्शकातून ते स्वतः बघायला लावलं. सहा महिने ते "आता नव्वद टक्के बरं आहे" म्हणत होते. बराच वेळ डोळा लावून बसले आणि मग म्हणाले, "म्हणजे मी हे पोसत होतो."

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, जो मला स्वतःला जास्त ओढून घेतो. व्हायरसचं औषध बुरशीवर चालू शकतं का?

एका ठरावीक बाबतीत, काही प्रमाणात, हो. १९९५ च्या डिसेंबरात अमेरिकेत साक्विनाव्हिर आणि १९९६ च्या मार्चमध्ये रिटोनाव्हिर व इंडिनाव्हिर ही एचआयव्हीची नवी औषधं आली. यांना प्रोटीएज रोधक म्हणतात. एचआयव्ही आपली प्रथिनं एका लांबच लांब पट्टीत बनवतो आणि मग प्रोटीएज नावाच्या कात्रीने तिचे हवे तसे तुकडे करतो. ही औषधं कात्रीच्या पात्यांत अडकून बसतात. ती सुरू झाली आणि डॉक्टरांच्या लक्षात आलं की रुग्णांच्या तोंडातला कँडिडा या बुरशीचा पांढरा थर भराभर नाहीसा होतोय, कधी कधी प्रतिकारशक्तीच्या सीडी४ पेशी पुरेशा वाढायच्याही आधी. प्रतिकारशक्ती अजून परतलेली नसताना बुरशी कशी हटली?

संशय गेला कँडिडाच्या स्वतःच्या कात्र्यांवर. कँडिडा अल्बिकन्सकडे अशा दहा विकरांची जनुकं आहेत. ही विकरं बाहेर सोडून ती आपल्या तोंडातल्या, योनीतल्या नाजूक आवरणाची प्रथिनं तोडते आणि आत शिरते. त्यांची पाती आणि एचआयव्हीच्या कात्रीची पाती एकाच जातीची आहेत, दोन्हींच्या धारेवर अ‍ॅस्पार्टिक आम्ल आहे. एकासाठी घडवलेलं औषध दुसऱ्यातही अडकू शकेल, हा तर्क त्यातून आला. इटलीतल्या संशोधकांनी १९९९ मध्ये इंडिनाव्हिर आणि रिटोनाव्हिर प्रयोगशाळेच्या ताटलीत वाढवलेल्या कँडिडावर आणि योनीत संसर्ग केलेल्या उंदरांवर वापरून दाखवलं की कात्री खरंच अडते आणि संसर्ग उतरतो. तुम्ही जे वाचलंत त्याचं मूळ बहुधा इथे आहे.

हे वाचून मी तेव्हा फार हरखले होते. नंतर माझ्याच रुग्णांनी मला थोडं थांबायला लावलं. आपल्याकडे सरकारी मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचे उपचार, १ एप्रिल २००४ ला सुरू झाली, आणि त्या पहिल्या फळीत प्रोटीएज रोधक नव्हतंच. स्टॅव्ह्युडिन किंवा झिडोव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरॅपिन अशा गोळ्या होत्या. या गोळ्यांचा कँडिडाच्या कात्रीशी काही संबंध नाही. जत तालुक्यातली एक बाई मला अजून आठवते. तोंडापासून अन्ननलिकेपर्यंत पांढरा थर, भाकरीचा घास उतरत नव्हता, ताकात कालवलेला भात तेवढा जायचा. फ्लुकोनॅझोल या बुरशीनाशक गोळीने थर जायचा आणि महिनाभरात परत यायचा, असं वर्षभर चाललं. एआरटी सुरू झाल्यावर एकदा फ्लुकोनॅझोलने गेलेला थर पुन्हा आलाच नाही. चार महिन्यांनी आली तेव्हा घरच्या ज्वारीच्या भाकरीचा डबा माझ्यासाठीही घेऊन आली होती.

असे बरेच रुग्ण मी पाहिले. म्हणून माझं मत असं बनलं की तोंडातली बुरशी हटवण्याचं मोठं श्रेय परत आलेल्या प्रतिकारशक्तीला आहे. कात्री अडवण्याचा वाटा खरा असेल, पण त्या एकट्याच्या जोरावर रुग्ण बरा होईल असं मी कधी बघितलेलं नाही.

यामागे मात्रेचाही हिशेब आहे. या गोळ्या एचआयव्हीच्या कात्रीला जेवढ्याशा मात्रेत अडवतात, त्याच्या कितीतरी पट जास्त मात्रा कँडिडाच्या कात्रीला लागते. ताटलीत संशोधक हवी तेवढी घालू शकतो. माणसाच्या रक्तात तसं नाही. लोपिनाव्हिर या आणखी एका प्रोटीएज रोधकाचंच बघा. रक्तात गेलं की त्यातलं सुमारे ९८ टक्के प्रथिनांना चिकटून बसतं, मोकळं राहतं ते जेमतेम. "अमुक औषधाने बुरशी मेली" असं वाचलं की मी आधी बघते ते हेच. किती मात्रेत मेली, आणि तेवढी मात्रा माणसाच्या अंगात कुठे तरी तयार होते का?

तरीही हे संशोधन चालू राहावं असं मला मनापासून वाटतं. कारण बुरशीवरची आपली झोळी फार लहान आहे. बुरशीची पेशी जीवाणूपेक्षा आपल्या पेशीला जास्त जवळची. तिला मारायचं आणि आपल्याला वाचवायचं तर दोघींमधला फरक शोधावा लागतो, आणि असे फरक थोडे आहेत. बुरशीच्या आवरणात कोलेस्टेरॉलऐवजी अर्गोस्टेरॉल असतं, तिला ग्लुकनची भिंत असते. आपली बहुतेक औषधं या दोनच जागांवर मारा करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये पहिल्यांदाच धोकादायक बुरशींची यादी काढली, त्यात १९ नावं आहेत. सर्वांत वरच्या गटात कँडिडा ऑरिस आहे. २००९ मध्ये जपानमधल्या एका रुग्णाच्या कानातून ती पहिल्यांदा ओळखली गेली, ऑरिस म्हणजे लॅटिनमध्ये कान. आज ती आपल्या मोठ्या रुग्णालयांच्या आयसीयूमध्येही सापडते आणि फ्लुकोनॅझोलला बहुधा दाद देत नाही.

तिच्यावर लोपिनाव्हिर, रिटोनाव्हिर, अटाझानाव्हिर यांचे प्रयोग झाले आहेत, आणि त्यांत एक गोष्ट मोलाची दिसते. ही औषधं एकटी फार काही करत नाहीत, पण इट्राकोनॅझोल या बुरशीनाशकाच्या जोडीला दिली की दाद न देणारी बुरशी पुन्हा त्याला दाद द्यायला लागते. खऱ्या मारेकऱ्याला आत शिरायला वाट करून देणारा सोबती, असं त्यांचं काम. हे अजून प्रयोगशाळेत आणि उंदरांत आहे. आयसीयूतल्या, दुसरा उपाय न उरलेल्या रुग्णासाठी उद्या कुणी यातून काही बनवलं तर मला आनंद होईल.

एका रोगासाठी घडवलेलं औषध बुरशीवर कामी आल्याचं पक्कं उदाहरणही आपल्यापाशी आहे, पण ते व्हायरसचं नाही, कर्करोगाचं. फ्लुसायटोसिन १९५७ मध्ये कर्करोगासाठी तयार केलं गेलं. तिथे ते चाललं नाही. पुढे कळलं की बुरशीच्या पेशीत सायटोसिन डीअमिनेज नावाचं विकर असतं, ते या निरुपद्रवी औषधाचं विषात रूपांतर करतं. आपल्या पेशीत ते विकर नाही. असायक्लोव्हिरला विषाणू स्वतःच जागं करतो तसं फ्लुसायटोसिनला बुरशी स्वतःच जागं करते. आज एचआयव्हीच्या रुग्णांतल्या क्रिप्टोकोकस या बुरशीच्या मेंदूज्वरावर ते अ‍ॅम्फोटेरिसिन या दुसऱ्या बुरशीनाशकाच्या जोडीने प्राण वाचवतं. आपल्याकडे कितीतरी वर्षं ते सहज मिळत नव्हतं, आणि त्यापायी गेलेले रुग्ण आठवले की अजून जीव तुटतो.

पण वडिलांची बुरशी कँडिडा नाही. गजकर्ण करणाऱ्या ट्रायकोफायटनचं सगळं जगणं कातडीच्या सर्वांत वरच्या, मेलेल्या थरात चालतं. तिथलं केराटिन तोडायला ती मुख्यतः वेगळ्या जातीच्या कात्र्या वापरते, ज्यांच्या धारेवर अ‍ॅस्पार्टिक आम्ल नसतं. एचआयव्हीच्या कात्रीसाठी घडवलेलं औषध त्यांत बसेल अशी अपेक्षा धरायला आधार नाही. दुसरी अडचण पोचण्याची. त्या थरात रक्त जात नाही. टर्बिनाफिन आणि इट्राकोनॅझोल ही बुरशीची औषधं तिथे काम करतात कारण ती तेलातून, घामातून वर येतात आणि केराटिनला चिकटून राहतात. गोळी थांबल्यावरही इट्राकोनॅझोल काही आठवडे कातडीत असतं.

आणि माझ्यासाठी याहून मोठा पुरावा खुर्चीत समोर बसलेला असतो. सेकंड लाइनवर असलेले, म्हणजे रोज अटाझानाव्हिर-रिटोनाव्हिर किंवा लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिर घेणारे रुग्ण माझ्याकडे गजकर्ण घेऊन येतात. या गोळ्यांनी गजकर्ण जात असतं तर त्यांना ते झालंच नसतं. त्यातला एक ट्रक ड्रायव्हर. गुडघा दुखतो म्हणून त्याने कुठेतरी सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं, आपण एचआयव्हीच्या गोळ्या घेतो हे लाजेपायी सांगितलं नाही. रिटोनाव्हिर यकृतातलं औषधं पचवणारं एक मोठं विकर जवळजवळ बंद पाडतं. सांध्यात दिलेलं ते स्टेरॉइड आठवडेच्या आठवडे अंगात साचत राहिलं. माझ्याकडे आला तेव्हा चेहरा चंद्रासारखा सुजलेला, शुगर तीनशेच्या वर, आणि कमरेपुरतं असलेलं गजकर्ण पाठ, पोट, मांड्या असं सगळीकडे, वर्तुळात वर्तुळ. विषाणूचं औषध त्याच्या रक्तात पूर्ण मात्रेत होतं आणि बुरशी त्याच्या अंगभर पसरत होती.

वडिलांच्या बाबतीत हेच रिटोनाव्हिर त्यांच्या बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिनला आणि कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिनला अंगात साचवेल. सिम्व्हास्टॅटिन असेल तर स्नायू गळण्यापर्यंत वेळ येऊ शकते. ही गोळी कुणाच्याही सांगण्यावरून "बघू तरी" म्हणून घेण्यासारखी नाही.

२०२१ ची कोरोनाची दुसरी लाट तुम्हाला आठवत असेल. म्युकरच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या, कितीतरी रुग्णांनी आधी रेमडेसिविर या विषाणूवरच्या औषधाची इंजेक्शनं घेतलेली होती. त्याने बुरशीपासून बचाव झाला नाही. वाढलेली शुगर आणि स्टेरॉइड एकत्र आले की बुरशी काय करते, ते त्या महिन्यांत आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. गजकर्ण म्युकरसारखं जीव घेत नाही, घाबरू नका. पण त्याच्या बुरशीला पोसणाऱ्या गोष्टी त्याच दोन आहेत.

इथवरचं थोडक्यात: असायक्लोव्हिर गजकर्णाच्या बुरशीत जागंच होत नाही. एचआयव्हीच्या काही गोळ्यांचा कँडिडावर थोडा परिणाम होतो, तोही सोबती म्हणून आणि बहुतांश प्रयोगशाळेत. वडिलांना वाटलेला आराम बहुधा स्टेरॉइडचा होता.

मग दीड वर्ष हे बरं का होत नाही? मला तीन संशय आहेत. पहिला ट्यूबचा. घरातल्या सगळ्या ट्यूब एका पिशवीत गोळा करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड. अशा मलमांवर २०१८ मध्ये चिठ्ठीची सक्ती आली, तरी "गजकर्णाची ट्यूब द्या" म्हटलं की आजही तीच हातात पडते. जांघेत पांढरट चरे पडले असतील, बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे, तर वर्षानुवर्षं स्टेरॉइड लागल्याची ती खूण.

दुसरा संशय शुगरचा. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारा आकडा, किती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते नऊ-दहा असेल तर आधी तिकडे लक्ष द्यावं लागेल.

तिसरा बुरशीच्या जातीचा. गेल्या दहा वर्षांत आपल्याकडचं गजकर्ण बदललंय. पूर्वी दोन आठवडे टर्बिनाफिन दिलं की काम व्हायचं. आता ट्रायकोफायटन इंडोटिनी ही जात पसरली आहे. भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांकडून मिळालेल्या बुरशीवरून २०२० मध्ये जपानी संशोधकांनी तिला हे नाव दिलं. टर्बिनाफिन ज्या विकरावर मारा करतं, त्याच विकरात हिने बदल केलाय. त्यामुळे नेहमीच्या मात्रेत औषध पुष्कळदा कमी पडतं.

वडील माझ्याकडे आले असते तर मी आधी खरवडून काच बघितली असती आणि जमल्यास कल्चर लावलं असतं. यकृताची तपासणी, किडनीची तपासणी. हृदय कमकुवत असल्याचं कधी सांगितलं गेलंय का हे विचारलं असतं, कारण तसं असेल तर इट्राकोनॅझोल मी देत नाही. ते नसेल तर इतक्या जुन्या, पसरलेल्या गजकर्णात माझा कल इट्राकोनॅझोलकडे असतो, बरोबर स्टेरॉइड नसलेलं बुरशीनाशक मलम, चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं जागेपर्यंत. सहा ते आठ आठवडे लागतात, कधी जास्तही. ही कॅप्सूल जेवणानंतर लगेच घ्यायची आणि पित्ताच्या गोळीबरोबर घ्यायची नाही, कारण पोटात आम्ल नसेल तर ती नीट शोषलीच जात नाही. "इट्राकोनॅझोल चाललं नाही" म्हणून आलेल्या कितीतरी जणांच्या चिठ्ठीत मला शेजारी पँटोप्राझोल सापडलंय. तुमच्या वडिलांच्या चिठ्ठीतही असेल, बघा.

इट्राकोनॅझोलही स्टॅटिनला साचवतं, तेव्हा कोलेस्टेरॉलच्या गोळीचं काय करायचं ते मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारून ठरवावं लागेल. फ्लुकोनॅझोल सुचवलं गेलं आणि वडील मधुमेहाची ग्लिमेपिराइड गोळी घेत असतील तर शुगर अचानक उतरू शकते, हेही कानावर असू द्या. कोणतं औषध आणि किती, हे मी मुद्दाम ठरवून लिहीत नाही. वडिलांच्या सगळ्या गोळ्यांची यादी समोर ठेवूनच ते ठरतं.

घरात आईला, भावंडांना, कुणालाही खाज असेल तर त्यांनाही त्याच दिवशी दाखवा. एका घरात एकालाच औषध दिलं तर बुरशी टॉवेलवरून फिरत राहते. वडिलांचे कपडे वेगळे, गरम पाण्यात, आणि उलटे करून उन्हात. ओलसर चड्डी नको, आणि कमरेला करगोटा असेल तर तो काढून टाका. कमरेला गोल फिरलेल्या गजकर्णात तो ओला दोरा मला पुष्कळदा सापडलाय.

शेवटची आणि अवघड गोष्ट. स्टेरॉइडची ट्यूब थांबवली की पहिले आठ-दहा दिवस चट्टा लाल होईल, खाज वाढेल, वडील वैतागून म्हणतील की नव्या डॉक्टरच्या औषधाने वाढलं. माझे निम्मे रुग्ण याच दिवसांत पुन्हा मेडिकलमध्ये जातात. तेवढ्यापुरती खाजेची गोळी आधीच लिहून घ्या, आणि त्या जुन्या ट्यूबची पिशवी घरात ठेवू नका, डॉक्टरांच्या टेबलावरच सोडून या.